मागची बटणं

सकाळी तिनं वडिलांच्या थोबाडीत मारली होती, आणि आता ती बालवर्गातल्या बुटक्या टेबलाशी गुडघे दुमडून बसून लाल रंग कालवत होती. मधलं काही तिला धड आठवत नव्हतं. शेजारीण आली असणार, कारण ती येऊन वडिलांपाशी बसल्याशिवाय हिला घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. बस मिळाली असणार. फाटकापाशी कुणाच्या तरी आईनं 'ताई, आज काय, चित्रं वाटतं?' असं विचारलं असणार आणि हिनं हसून मान हलवली असणार. तिचं हसू त्या बाबतीत मोठं इमानी होतं. मालकीण जागेवर नसली तरी ते कामावर हजर. पण उजवा तळवा अजून चुणचुणत होता. म्हाताऱ्याची दाढी करायची राहून गेली होती आणि ते पांढरे खुंट तिच्या हाताला टोचले होते. दाढी करणं हेही तिचंच काम. म्हणजे टोचले ते आपल्याच आळसामुळे, असा एक फालतू विचार तिच्या डोक्यात येऊन गेला आणि तिला त्याचाही राग आला.

झालं होतं एवढंसंच. शर्ट घालायचा होता. एक हात बाहीत गेला, दुसरा जाईना. वडील कोपर ताठ धरून भिंतीकडे बघत बसले होते. 'बाबा, हात घाला. घाला ना हात.' मग त्यांच्या गुडघ्याचा धक्का लागून दूध सांडलं. मग त्यांनी तिच्या मनगटाला चावा घेतला, दात नसलेला, नुसत्या हिरड्यांचा, ओला चावा. 'घाल ना रे हात!' ती किंचाळली. जन्मात पहिल्यांदा तिनं त्यांना अरेतुरे केलं, आणि तोंडामागोमाग हात गेला. आवाज खणखणीत झाला. म्हाताऱ्याची मान एका बाजूला वळली ती तशीच राहिली. पण खरी गोष्ट पुढेच होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. तिला बरं वाटलं होतं. कधीची अडून बसलेली शिंक यावी तसं मोकळं, गरम, छान वाटलं होतं. मग तिनं मुकाट्यानं दुसरा हात बाहीत घातला, आता तो सहज गेला, बटणं लावली, दूध पुसलं. पन्नाशी जवळ आली, त्यातली निम्मी वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांत गेली, आणि आजवर तिनं एकाही मुलाला चापट सोडाच, चिमटासुद्धा काढला नव्हता. लोक म्हणायचे, ताईंचा हात म्हणजे नुसतं लोणी. आज त्या हाताला चव लागली होती. तो दिवसभर ह्या बारक्या मानांच्या आणि मऊ गालांच्या गर्दीत वावरणार होता, आणि तो पुन्हा उठला तर त्याला कोण धरणार, हे तिला कळत नव्हतं.

'ताई, एवढा लाल कशाला केलात? खाटीकखाना काढायचाय का?' दाराशी फरशी पुसणारी मावशी म्हणाली. मावशी बालवर्गाची मदतनीस. मुलांची नाकं, चड्ड्या आणि भांडणं हा तिचा प्रांत. जीभ तिखट, पण मुलं तिच्याच कडेवर. 'निळाही करतेय,' ही म्हणाली आणि डब्यात काठी फिरवत राहिली. रंग घट्ट होता. काठी वर काढली की त्याचे थेंब सावकाश पडत होते.

मुलं आली तशी आपापल्या खुंटीकडे धावली. वाचता कुणालाच येत नव्हतं, म्हणून भिंतीला कमरेच्या उंचीवर खुंट्यांची रांग होती आणि प्रत्येक खुंटीवर एक चित्र चिकटवलेलं होतं: छत्री, बेडूक, किल्ली, मासा. वर्षाच्या मध्यापर्यंत मुलांची घरची नावं मागे पडून चित्रंच त्यांना चिकटायची. बेडूक दंगा करायचा, छत्री चहाड्या सांगायची, आणि अगदी टोकाच्या खुंटीची मुंगी भिंतीच्या कडेकडेनं चालायची. मुंगी हे चित्र तिला योगायोगानं मिळालं होतं, पण कुणी मुद्दाम निवडलं असतं तरी ह्याहून चपखल मिळालं नसतं. तिला चष्मा होता, जाड काचांचा, मागून रबरी पट्टीनं बांधलेला. आज प्रत्येकानं घरून बाबांचा जुना शर्ट आणला होता. रंगकामाच्या दिवशी तो उलटा घालायचा, पुढची बाजू पाठीवर, बाह्या दुमडून, म्हणजे अंगावरचे कपडे खराब होत नाहीत. बटणं मागून ताईनं लावायची. दरवर्षीची रीत. आज तिनं मान वर केली आणि सगळ्या खुंट्यांवर पुरुषांचे शर्ट लटकलेले बघितले, एकाशेजारी एक, रिकाम्या बाह्या खाली सोडलेले.

लहानपणी तिच्या घरात एकच खुंटी महत्त्वाची होती. वडील कचेरीतून यायचे, कुणीतरी काहीतरी सांगायचं, किंवा कुणी काही न सांगताच त्यांना दिसायचं, सांडलेली शाई, हरवलेली चप्पल, आणि ते शर्टाचं वरचं बटण सोडायला लागायचे. चिडून नाही. सावकाश. शर्ट काढायचा, झटकायचा, खुंटीला लावायचा, कॉलर सरळ करायची, कारण माराच्या घाईत इस्त्री मोडता कामा नये. दुसऱ्या दिवशी तोच घालून कचेरीत जायचं असे. मग पट्टा. पहिलं बटण सुटलं की तिला कळायचं, आणि शेवटचं सुटेपर्यंत ती आपण होऊन कोपऱ्यात जाऊन पाठ करून उभी राहायची. खोलीत आजोबा असायचे, तात्या, वडिलांचे वडील. ते खुर्ची उचलून खिडकीकडे तोंड करून बसायचे. सगळं संपल्यावर तेच कोमट पाण्यात फडकं बुडवून तिची पाठ शेकायचे आणि म्हणायचे, 'वाईट नाही गं तो. तापट आहे.' तात्यांनी उभ्या आयुष्यात कुणावर हात उगारला नाही असं सगळे म्हणत, आणि तिलाही ते पटायचं. त्या घरात तिला जगावंसं वाटे ते तात्यांच्या फडक्यामुळे. ते गेले तेव्हा ती वडिलांपेक्षा जास्त रडली होती.

आधी वाद्यं झाली. छोटे ढोल, खुळखुळे, झांजा वाटून तिनं गाणं सुरू केलं, पण पोरांना गाण्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना बडवायचं होतं. बेडूक ढोलावर असा तुटून पडला की त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली. किल्लीनं माशाच्या डोक्यात खुळखुळा घातला. माशानं उलट झांज फेकली. कानठळ्या बसल्या. एरवी तिला हे आवडायचं. मुलांच्या अंगातली वाफ जाते असं ती पालकांना समजावून सांगायची. आज प्रत्येक ठोका तिच्या पाठीवर पडत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे तळव्याला त्या ठोक्यांचा हेवा वाटत होता. तिनं हात वर केला. ह्या वर्गात ओरडायचं नाही असा नियम होता, तिनंच घातलेला: ताईनं हात वर केला की ज्याचं लक्ष जाईल त्यानं आपला हात वर करायचा आणि तोंड मिटायचं. एक हात वर गेला, मग दुसरा, मग सगळे, आणि खोली गप्प झाली. पाहुणे आले की मोठ्या बाई, शाळेच्या मुख्य, हे त्यांना कौतुकानं दाखवायच्या. बघा, आवाज न चढवता.

मग चित्रं. ती आणि मावशी मुलांना एकेक करून शर्टात घालू लागल्या. शर्टांना घरांचा वास होता, साबणाचा, तेलाचा, तंबाखूचा, एकाला नुसताच घामाचा. मुलं त्यांत बुडून गेली, गुडघ्यांपर्यंत, आणि एकमेकांकडे बघून खिदळू लागली. 'मी माझा बाबा!' बेडूक ओरडला. 'ए, गप बसा सगळे, माझं डोकं दुखतंय!' मावशीसकट सगळी हसली. मग तळवे रंगात बुडवून कागदावर थापायचे. थापायचे म्हणजे मारायचेच. लाल हात, निळे हात, एकमेकांवर, कागदाबाहेर, टेबलावर. टेबल हादरत होतं. मुंगी मात्र आपल्या खुंटीखाली उभी होती आणि तिच्या हातात फिकट निळा, इस्त्रीचा शर्ट घडी करून धरलेला होता.

'चल गं मुंगे, घाल,' ताई म्हणाली. मुंगीनं मान हलवली. 'कपडे खराब होतील ना. आई रागवेल.' मुंगीनं पुन्हा मान हलवली, मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, 'मागून काढता येत नाही.' 'मी काढीन ना.' 'मला नाही काढता येत.' 'अगं पण मी आहे ना!' आवाज वर गेला होता. मागे छत्री सांगत होती, 'ताई, बेडकानं रंग खाल्ला.' मावशी तिकडे धावली. ताईनं शर्ट उलगडला, मुंगीचा दंड धरला आणि बाहीत घातला. एक हात गेला. दुसरा जाईना. मुंगीनं कोपर ताठ धरलं होतं आणि ती भिंतीकडे बघत होती. इवलंसं कोपर, पण त्याच्यात सकाळचा सगळा हट्ट होता, तेच न बोलणं, तेच भिंतीकडे बघणं, जणू ताई नावाचं कुणी समोर नाहीच. 'घाल हात.' ती दात आवळून म्हणाली. 'घाल म्हणते ना!' दंडावरची पकड घट्ट झाली, बोटं मांसात रुतली, आणि त्या रुतण्यातही सुख होतं, ते तिला स्वच्छ जाणवलं. उजवा हात तिला न विचारता वर गेला.

आणि वर्गातले सगळे हात वर गेले. लाल, निळे, गळणारे, बाबांच्या बाह्यांतून बाहेर आलेले सगळे हात. तोंडं मिटली. मावशीनं एका हातानं बेडकाचं तोंड पुसता पुसता दुसरा वर केला. रंगाचे थेंब फरशीवर टपटपत होते, तेवढाच आवाज. एकट्या मुंगीचा हात वर नव्हता. तिनं मोकळ्या हातानं मागची रबरी पट्टी डोक्यावरून ओढून चष्मा काढला, त्याच्या काड्या नीट मिटल्या, तो टेबलाच्या कडेपासून आत, पडणार नाही असा ठेवला, आणि तोंड वर करून डोळे मिटले. ती रडली नाही. घाबरल्यासारखीही दिसली नाही. चष्म्याची कड तिच्या गालावर बारीक उमटली होती.

ताईचा हात वर तसाच राहिला. खाली आणायचा कसा, हे तिला कळेना. सगळा वर्ग तो खाली येण्याची वाट बघत होता, कारण ताईचा खाली आला की आपलाही खाली घ्यायचा, हा नियम. तिला वाटलं आपण इथे अशाच म्हाताऱ्या होणार. मुंगीचं तोंड तिच्यासमोर होतं, चष्म्याशिवाय उघडं, आणि तिला त्यात स्वतःची पाठ दिसली, कोपऱ्यात आपण होऊन जाऊन उभी राहिलेली. वस्तू आधी वाचवायच्या. शर्ट, चष्मा. मग चालू द्या. कुणीतरी ह्या एवढ्याशा पोरीला हे इतकं पक्कं शिकवलं होतं. आणि आज आपण त्या शिकवणीची उजळणी घेत होतो. तिला स्वतःची शिसारी आली. तिनं हात खाली घेतला. सगळे हात खाली आले आणि गोंगाट पुन्हा सुरू झाला. कुणाला काही कळलं नव्हतं.

तिनं बाही ओढून मुंगीचा दंड सोडवला. तिथे बोटांच्या खुणा उठल्या होत्या, तिच्याच. 'डोळे उघड,' ती म्हणाली. 'मी नाही मारत.' मुंगीनं एक डोळा उघडला, मग चष्मा चाचपून घातला. 'काढून ठेवायला कुणी सांगितलं?' 'आईनं. आधी चष्मा काढायचा. काच घुसते.' हे ती, हात धुतल्याशिवाय खायचं नाही, अशा सुरात म्हणाली. ताई खाली फरशीवरच बसली. मग तिनं तो निळा शर्ट स्वतःच उलटा अंगात घातला आणि मुंगीकडे पाठ केली. 'आधी मी घालते. तू बटणं लाव. मी म्हटलं की काढायचा, तू म्हटलंस तरी काढायचा.' मग पाठीवर बोटं आली. बारीक, थंड, चाचपडणारी. जिथे पट्टा लागायचा, नेमकी तिथे. तिचं सगळं अंग ताठ झालं. मुंगी नाकानं जोरात श्वास घेत एकेक बटण काजात ढकलत होती, आणि प्रत्येक बटणाला ताई डोळे मिटून घेत होती. 'एक चुकलं,' मुंगी म्हणाली. 'असू दे.' 'नको. पुन्हा लावते.'

शेवटी गोष्ट. गोल करून बसायचं, ताईनं सुरुवात करायची, मग लाकडी बाहुली हातोहात फिरवायची आणि ज्याच्या हातात बाहुली त्यानं पुढे सांगायचं. 'एका घरात एक राक्षस होता,' ताई म्हणाली आणि म्हटल्यावर तिला वाटलं, दुसरं काही सुचायला हवं होतं. बाहुली निघाली. किल्लीनं राक्षसाला दगड मारला. माशानं त्याचे डोळे काढले. छत्रीनं त्याला उकळत्या तेलात टाकलं आणि वर झाकण ठेवलं. बेडकानं झाकण काढून त्याचं पोट फाडलं, आतडी बाहेर काढून त्यांची दोरी केली आणि तिच्यावर उड्या मारल्या. सगळी पोरं फिदीफिदी हसत होती, त्यांच्या गालांवर लाल रंग वाळत होता. बाहुली मुंगीकडे आली. तिनं ती मांडीवर आडवी ठेवली. 'राक्षसाला झोप लागली,' ती म्हणाली. 'मग सगळे हळू हळू चालले.' 'मग मारला का त्याला?' बेडकानं विचारलं. 'नाही,' मुंगी म्हणाली. 'नुसतं हळू चालले.'

घरी सोडायची वेळ झाली तेव्हा ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. अंगात अजून तो उलटा शर्ट होता. जाताना पावलं अडखळत होती, कारण मुंगीबद्दल सांगायचं तर आधी स्वतःबद्दल सांगावं लागणार होतं. चष्मा कुणाचा हात बघून काढला, हा प्रश्न येणारच. 'माझा हात उठला आज, मुंगीवर,' ती म्हणाली. मोठ्या बाईंनी कागदातून मान वर केली. 'उठला म्हणजे? लागला?' 'नाही. दंड आवळला, खुणा आहेत. पण ते नाही. तिनं चष्मा काढून ठेवला, मारा म्हणून.' मोठ्या बाईंचा हात नकळत स्वतःच्या चष्म्याकडे गेला. 'तुझा हात?' त्या पुन्हा म्हणाल्या, जणू भिंत चालली असं कुणी सांगत होतं. 'माझा.' 'बरं. तिची आई येतेय, मी तिच्याशी बोलते. लेकराला पुन्हा असं होणार नाही एवढं मी बघेन, कुणाला बोलवायचं ते बोलवेन. आणि तू उद्या वर्गावर जायचं नाहीस. मी सांगेपर्यंत.' ती 'हो' म्हणाली. निघताना काचेतून तिला मुंगीची आई दिसली, दुकानाच्या गणवेशातली, थकलेली, देखणी बाई. ती वाकून मुंगीच्या चष्म्याच्या काचा पदरानं पुसत होती, इतक्या हळुवार की बघवेना.

घर नेहमीच्या वासाचं होतं. शेजारीण दारातच चपला घालत म्हणाली, 'तुमच्या बाबांनी आज छळ मांडला हो. शर्ट काही अंगावर ठेवेनात. घातला की काढतात, घातला की काढतात. शेवटी म्हटलं बसा तसेच.' ती गेली. दुपारचं ऊन खोलीत अर्ध्यापर्यंत आलं होतं. वडील खुर्चीत उघडे बसले होते, छातीवरचे पांढरे केस, लोंबणारी कातडी. आणि खुंटीवर शर्ट होता, झटकलेला, कॉलर सरळ केलेली. तिची पावलं तिला न विचारता कोपऱ्याकडे वळली. एवढी घोडी झाली होती, त्यांना उचलून न्हाणीत नेत होती, त्यांचं ढुंगण धूत होती, तरी खुंटीला शर्ट लागला की कोपरा, हे पायांना अजून पाठ होतं. म्हातारा उठणार. पट्टा मागणार. सकाळच्या थपडेचा हिशेब होणार. 'बाबा,' ती म्हणाली, आणि स्वतःला सावरायला भिंतीकडे हात नेला.

हात वर जाताना त्यांनी बघितला. त्यांचे दोन्ही हात डोक्यावर गेले, कोपरं चेहऱ्यासमोर आली, मान खांद्यांत शिरली. 'शर्ट काढलाय,' ते म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता, फार लहान होता. 'फाटणार नाही. काढून ठेवलाय. मारू नका, तात्या.'

कोमट फडकं. खिडकीकडे वळलेली खुर्ची. वाईट नाही गं तो, तापट आहे. तात्यांची पाठ त्या खुर्चीत कधी हलली नव्हती. त्यांना तो आवाज ओळखीचा होता, इतकंच. तिनं ज्या एका माणसावर सगळं बालपण टेकवलं होतं तो माणूस तिच्या डोळ्यांदेखत कोसळला आणि तिला कुणाची कीव करावी ते कळेना. राग आला, सगळ्यांचा आला, मेलेल्यांचा जास्त. तळवा पुन्हा चुणचुणला. समोर तो पांढऱ्या केसांचा पोर कोपरांमागे दबून बसला होता, आणि त्याचा गाल उघडा होता, सकाळचाच, आणि त्याला मारलं असतं तर पुन्हा बरं वाटलं असतं, हेही तिला माहीत होतं.

ती खुंटीपाशी गेली. शर्ट काढला. त्यांच्याकडे न बघता तो उलटा अंगात घातला, रंग वाळलेल्या, काढायच्या राहून गेलेल्या मुंगीच्या शर्टावरूनच, आणि त्यांच्या खुर्चीसमोर, त्यांच्याकडे पाठ करून फरशीवर बसली. ती पाठ तिनं त्यांना मोठी झाल्यापासून कधी दिली नव्हती. त्यांच्या खोलीतून निघतानाही ती तोंड त्यांच्याकडे ठेवून दारापर्यंत जायची. 'बाबा, बटणं लावा,' ती म्हणाली. 'माझा हात पोचत नाही.'

मागे खुर्ची करकरली. धाप ऐकू आली, दुधाचा आंबट वास आला. मग कमरेपाशी बोटं लागली, जाड, नखं वाढलेली, आणि खालचं बटण काजात गेलं. मग त्याच्या वरचं. तिनं डोळे मिटले होते आणि दोन्ही तळवे फरशीवर दाबून धरले होते. बोटं मणक्यावरून सावकाश वर सरकत होती, चुकत होती, पुन्हा लावत होती. वरचं बटण मानेपाशी होतं, पूर्वी तेच आधी सुटायचं. बोटं तिथे आली आणि थांबली. ती हलली नाही.